नाव यादीत न्हाई

बिद्रीत कुणी कुणाला दिसत नाही, असं सहसा घडत नाही. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर एसटीतून परका माणूस उतरला, की तो कुणाचा पाव्हणा, सोयरिकीला आलाय की उसनवारीला, हे त्याच्या यजमानाआधी चार घरांना कळलेलं असतं. मुधाळ तिट्ट्यावर तुम्ही कुणाबरोबर चहा घेतला याची बातमी तुमच्या मोटारसायकलीच्या आधी घरी पोचते. इथं लपायचंच झालं तर उसात जावं लागतं, आणि तेही तोड येईपर्यंतच.

अशा गावात, एकाच छपराखाली, मधे एक भिंत आणि एक जिना असलेले दोन संगणक एकमेकांना दिसत नाहीत, म्हणजे हद्द झाली.

घरोघरी चित्र साधारण सारखंच. सोप्यात जुना डेस्कटॉप. पोरगा बारावीला असताना घेतलेला, आता त्याच्यावर भरतकामाचं कापड आणि कापडावर लग्नपत्रिका. त्याला वायरनं बांधलेला प्रिंटर. माडीवर पोराचा लॅपटॉप. शेजारच्या खोलीत सुनेचा लॅपटॉप, पण तो पुण्याच्या कंपनीचा; कंपनीनं त्याला घरातल्या कुणाशीही बोलायचं नाही अशी ताकीदच देऊन पाठवलेलं. म्हणजे नेटवर्क म्हणण्याएवढं सगळं घरात आहे. काम फक्त एक असतं. सातबारा छापायचा असतो, दूध संस्थेचं बिल छापायचं असतं, नाहीतर नातवाच्या शाळेचा ‘पाणी वाचवा’ हा प्रकल्प आठ रंगीत पानांत छापायचा असतो. फाइल माडीवर आणि प्रिंटर सोप्यात. लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ नावाचं चित्र उघडावं तर आत लॅपटॉपचं स्वतःचं नाव, आणि कधीकधी घरातला टीव्ही. टीव्ही दिसतो. डेस्कटॉप दिसत नाही.

मग रोगनिदान सुरू होतं. आपल्याकडं आजारी माणसाभोवती जमतात तेवढेच लोक बिघडलेल्या यंत्राभोवती जमतात, आणि औषधंही तीच सांगतात.

“रेंज न्हाई त्याला,” आबा म्हणतात. आबांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड रेंजचा. मिक्सर बंद पडला तरी ते आधी खिडकीत नेऊन बघायला सांगतात.

“व्हायरस असणार. पेन ड्राइव्ह कुणाचा लावलासा?” हे काका. यात निदान कमी आणि संशय जास्त.

“बंद करून चालू करा की ओ,” ही वहिनींची सूचना. ती खरोखर कधीकधी लागू पडते, म्हणून तिचं श्रेय त्यांना कुणी देत नाही.

शेवटी तालुक्याच्या गावावरून पोरगा बोलावला जातो. तो गाडीवरून उतरतानाच सांगतो, “काका, विंडोज मारावं लागंल.”

विंडोज मारणे ही उपचारपद्धती महाराष्ट्रात सर्वत्र मान्य आहे. ती सर्व रोगांवर एकच आहे, हा तिचा मोठा गुण. विंडोज मारल्यावर लग्नाचे फोटो जातात, शेतीच्या खर्चाचा तक्ता जातो, मराठी टायपिंग जातं, प्रिंटरचा ड्रायव्हर जातो. एकच गोष्ट जशीच्या तशी राहते. शेजारचा संगणक दिसत नाही.

याचं कारण साधं आहे. बिघडलेलं काही नसतंच. डेस्कटॉप जागा आहे, वायफायवर आहे, यूट्यूबवर कीर्तन लावतोय. फक्त लॅपटॉपच्या यादीत त्याचं नाव नाही. आणि यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे बिद्रीकराला संगणकाच्या दुकानदारानं समजावून सांगावं अशी गरज नाही.

बिद्रीचं नाव बाहेर ज्याच्यामुळं ठाऊक आहे, तो श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. दूधगंगा आणि वेदगंगा या बहिणी-नद्यांना एकमेकींना भेटायला कर्नाटकापर्यंत जावं लागतं. कारखान्यानं त्यांना आधीच नावात आणून भेटवलं. कागल, भुदरगड, राधानगरी आणि करवीर अशा चार तालुक्यांत सभासद पसरलेले. त्यामुळं कारखान्याची निवडणूक लागली, की चार तालुक्यांत पावसाचा विषयसुद्धा मागं पडतो. कच्ची यादी, पक्की यादी, हरकती, दुबार नावं, मयत सभासद हे शब्द इथल्या पोरांच्या कानांवर पाढ्यांच्या आधी पडतात.

आता विंडोजचं ऐका. १९९२ साली ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ आली, आणि तिच्यापासून पुढं कितीतरी वर्षं घरातले, ऑफिसातले संगणक एकमेकांना दिसायचे ते याच पद्धतीनं. प्रत्येक गटात एक संगणक यादी सांभाळणार. त्याला मास्टर ब्राउझर म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत अध्यक्ष. तो कोण, हे ठरायचं निवडणुकीनं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक कागदपत्रांत तिला निवडणूक असंच म्हटलंय. एखादा संगणक सुरू झाला आणि त्याला अध्यक्ष सापडला नाही, की तो निवडणूक जाहीर करायचा. बाकीचे आपापली पात्रता ओरडून सांगायचे. आधी बघायचं कुणाची विंडोज वरच्या दर्जाची. तिथं बरोबरी झाली, तर कोण जास्त वेळ सुरू आहे. तिथंही बरोबरी झाली, तर नावाची अक्षरं. म्हणजे आधी पात्रता, मग ज्येष्ठता, आणि काहीच जमलं नाही तर बाराखडी. आपल्याकडच्या तिकीटवाटपापेक्षा हे बरंच स्वच्छ होतं.

पण यादीची भानगड तीच. प्रत्येक संगणकानं दर १२ मिनिटांनी अध्यक्षाला ‘हजर’ म्हणून कळवायचं. कुणी रीतसर निरोप न घेता गेला, म्हणजे वीज गेली किंवा नातवानं वायर उपटली, तर त्याच्या तीन हजेऱ्या चुकेपर्यंत वाट बघायची, म्हणजे ३६ मिनिटं. उपाध्यक्षांकडं यादीची नक्कल असायची, ती जुळवून घ्यायला आणखी १५. तोवर गेलेल्याचं नाव यादीत ठणठणीत. उलट नुकताच सुरू झालेला, हातपाय धडधाकट असलेला संगणक यादीत यायला बराच वेळ लागायचा. मयत सभासद यादीत आणि हयात सभासद बाहेर हरकत घेऊन उभा. ज्यानं कुणी ही व्यवस्था अमेरिकेत बसून आखली, त्यानं आमच्या जिल्ह्यात एक हंगाम काढलेला असावा, अशी मला दाट शंका आहे.

त्यात घरात संगणक दोनच. तुम्हाला वाटेल, बिनविरोध होईल. पण एकावर फायरवॉल कडक लागलेली असली, तर त्याला दुसऱ्याचा आवाज ऐकूच यायचा नाही. मग दोघेही स्वतःला अध्यक्ष घोषित करायचे. दोन पॅनेल, दोन अध्यक्ष, आणि प्रत्येकाच्या यादीत सभासद एकच, तो स्वतः. हे दुरुस्त करायला जिथं जावं लागायचं, त्या जागेचं नाव कंट्रोल पॅनेल. आमच्या आण्णांनी ते ऐकल्याबरोबर विचारलं होतं, “कुणाचं?”

मे २०१७ मध्ये या व्यवस्थेचे दिवस भरले. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस, विंडोजची यंत्रं फाइल द्यायघ्यायला जी जुनी बोली वापरत, तिच्यातल्याच एका भोकातून जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती जुनी बोली, एसएमबी १, मुळातच बंद करून यायला लागली, आणि तिच्याच आधारानं चालणाऱ्या निवडणुकाही गेल्या. दरम्यान २००९ साली विंडोज ७ बरोबर ‘होमग्रुप’ नावाची घरगुती सोय आली होती. तिनं एक लांबलचक पासवर्ड स्वतःच बनवून दिला होता आणि तो कागदावर लिहून ठेवा असं बजावलंही होतं. २०१८ साली कंपनीनं होमग्रुपच काढून टाकला. तो कागद अजून पुष्कळ घरांत कॅलेंडरच्या मागं सुरक्षित आहे.

आता नव्या राज्यात अध्यक्ष नाही, यादी नाही. ज्यानं त्यानं आपण हजर असल्याचं स्वतःच ओरडून सांगायचं. हे ओरडायचं काम विंडोजमधल्या ज्या सेवेकडं आहे, तिचं नाव ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’. ही सेवा पुष्कळदा झोपलेली असते. तिला उठवून ‘ऑटोमॅटिक’ करून ठेवलं, की निम्मी प्रकरणं मिटतात. पण नाव वाचूनच माणूस नाद सोडतो, आणि पोराला फोन लावतो, आणि पोरगा गाडीवरून उतरतानाच सांगतो की विंडोज मारावं लागंल.

सेवा जागी असूनही संगणक गप्प राहतो, त्यामागं बहुधा एका प्रश्नाचं उत्तर असतं. नवं वायफाय जोडताना विंडोज विचारते, हे नेटवर्क खाजगी की सार्वजनिक? बिद्रीतल्या सज्जन माणसानं काय सांगावं? सकाळी सोप्यात दूध संस्थेचा माणूस. मग उसाच्या नोंदीच्या चौकशीला कारखान्याचा चिटबॉय. दुपारी भिशीच्या बायका. संध्याकाळी एका पॅनेलचा कार्यकर्ता पुढच्या दारानं, आणि तो जाईपर्यंत दुसऱ्या पॅनेलचा परड्यात थांबलेला. अशा घराला खाजगी म्हणायला जीभ रेटत नाही. आण्णा प्रामाणिक माणूस. त्यांनी ‘सार्वजनिक’वर टिचकी मारली. नव्या विंडोज ११ मध्ये तर बहुतेक वेळा कुणी विचारतही नाही. ती मनानंच सार्वजनिक धरून चालते.

सार्वजनिक म्हटलं, की संगणकाला वाटतं आपण कुठल्यातरी विमानतळावर परक्या लोकांत आहोत. तो तोंड बंद करतो. कुणाला दिसत नाही, कुणाच्या हाकेला ओ देत नाही. हाक द्यायचा ठरलेला मार्ग म्हणजे ‘पिंग’. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला, आणि पाण्याखालची वस्तू शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. पिंगला उत्तर आलं तर समोरचा नक्की आहे. नाही आलं, तर तो नाही असं मात्र सिद्ध होत नाही. फायरवॉलनं त्याला गप्प बसवलेलं असू शकतं. तगाद्याच्या फोनला जो अनुभव येतो तोच.

ज्या घरात वाटणी झाली आहे, तिथलं प्रकरण आणखी वरचं. चूल वेगळी झाली, विजेचा मीटर वेगळा झाला, गोठ्यात मधे भिंत आली. वायफाय तेवढं एक राहिलं, कारण बिल थोरला भरतो. धाकट्याच्या बाजूला त्याची रेंज पोचेना. मग धाकट्यानं आपला राउटर आणला आणि थोरल्याच्या राउटरची वायर ओढून त्याच्या पाठीत खोचली. लगेच इंटरनेट सुरू. सगळे खूश.

पण राउटर म्हणजे नुसता रेंजचा खांब नव्हे. तो आपल्या हाताखालच्या यंत्रांना नंबर वाटतो. १९२.१६८ नं सुरू होणारे हे नंबर मार्च १९९४ पासून अशा खाजगी वापरासाठी जगभर राखून ठेवलेत, म्हणून बिद्रीतल्या प्रिंटरचा आणि बोस्टनमधल्या प्रिंटरचा नंबर एकच असू शकतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. थोरल्याच्या राउटरनं १९२.१६८.१ ची मालिका धरली, धाकट्याच्यानं १९२.१६८.० ची. झालं. आता दोन्ही घरांतून अमेरिका दिसते. चुलतभाऊ दिसत नाही. त्यातही गंमत अशी, की नंबर ठाऊक असला तर धाकट्याच्या संगणकाला थोरल्याच्या संगणकापर्यंत जाता येतं. थोरल्याला मात्र धाकट्याकडं येता येत नाही, कारण धाकट्याचा राउटर दारात उभा असतो. राउटरला यातलं काही शिकवावं लागलं नाही.

यावर तोड अशी, की धाकट्याच्या राउटरनं नंबर वाटायचा हक्क सोडायचा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडायचं. ती सोय नसली तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे नंबर वाटायचं खातं, बंद करायचं आणि वायर ‘वॅन’ लिहिलेल्या भोकातून काढून शेजारच्या साध्या भोकात लावायची. मग दोन्ही घरं एका मालिकेत येतात. तांत्रिकदृष्ट्या दोन मिनिटांचं काम आहे. पण “थोरल्याच्या राउटरनं नंबर द्यायचे आणि आमच्यानं घ्यायचे” हे वाक्य धाकट्या घरात उच्चारायचं कुणी, हा नेटवर्कच्या पुस्तकात न येणारा भाग आहे.

तिसरी जात पाव्हण्यांच्या वायफायची. जावई आले की पासवर्ड मागतात, म्हणून कुणीतरी हौसेनं ‘गेस्ट’ वायफाय सुरू केलेलं असतं, सोप्या पासवर्डचं. सोपा म्हणून माडीवरचा लॅपटॉपही तिथंच जोडला जातो. गेस्ट वायफायचा धर्म असा, की पाव्हण्याला इंटरनेट मिळावं पण घरातली यंत्रं दिसू नयेत. पोटचं पोरगं पाव्हणा म्हणून नोंदवलं, की त्याला घरातलं काही दिसत नाही. राउटर आपलं काम चोख बजावतोय.

समजा, हे सगळं पार पडलं. डेस्कटॉप दिसला. घरात आनंद. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली, तर तो नाव आणि पासवर्ड मागतो. घरातल्या सगळ्यांना चार आकडी पिन पाठ असतो, तो लग्नाच्या तारखेचा असतो. तो चालत नाही. पिन त्या यंत्रासमोर बसणाऱ्यासाठी. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि ते खातं उघडलेलं असतं यंत्र घेतलं त्या दिवशी, दुकानातल्या पोरानं, स्वतःच्या मनानं बनवलेल्या ईमेलवर. तो पोरगा आता दुबईत.

पासवर्ड मिळाला तरी प्रिंटर राहतोच. सप्टेंबर २०२१ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट आलं. छपाईच्या व्यवस्थेतली भोकं बुजवण्याच्या त्या मोहिमेत भलेभले शेअर केलेले प्रिंटर, शेवटी ‘११बी’ असलेला एक लांबलचक आकडा दाखवून बंद पडले. आदल्या रात्री छापणारा प्रिंटर सकाळी ओळख दाखवेना. घरातल्यांनी नातवाकडं बघितलं.

संगणक एकमेकांना जोडायचा मोठा सरकारी प्रयोगही आमच्याच जिल्ह्यात झालेला आहे. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रं उभी करायची योजना निघाली. ऊस उत्पादकाला गावातच सगळी माहिती मिळावी, बाजारभावापासून पीक सल्ल्यापर्यंत, अशी ती महत्त्वाकांक्षा. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या संशोधकांनी तिथं जाऊन बघितलं. शेतकरी केंद्रावर येऊन मुख्यतः विचारायचा काय, तर माझ्या उसाचं वजन किती भरलं. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी मोबाइल ठेवला आणि तेच उत्तर एसएमएसनं द्यायला सुरुवात केली. काम चाललं, खर्च वाचला. ‘वारणा अनवायर्ड’ नावाचा त्यांचा निबंध २००७ साली आला. विंडोज बनवणाऱ्या कंपनीच्याच माणसांनी कोल्हापूर जिल्ह्यात येऊन काढलेला हा निष्कर्ष, की विंडोजचा संगणक उचलून ठेवल्यानं अडचण सुटते. आमच्या आबांना तो फार पटला.

पण त्यातला खरा धडा मोबाइलचा नाही. ऊस घातलेल्या माणसाला नेटवर्कवर कोण कोण आहे याची यादी नको होती. त्याला एका ठिकाणी एक प्रश्न विचारायचा होता. घरातही तेच. सगळं गाव पडद्यावर दिसायला हवं, हा आपला बिद्रीकरांचा हट्ट आहे. छपाईला फक्त डेस्कटॉपचा पत्ता लागतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी नाव यादीत नाही म्हणून कुणी विंडोज मारायला निघालं, तर त्याला चहा द्या आणि तेवढ्यात एवढं करून घ्या. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आहेत ना, आणि ते गेस्ट नाही ना, बघा. दोन्हींच्या नंबरातले टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे सारखे आहेत ना, बघा. एखाद्याचा नंबर १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही, त्यानं तो स्वतःच घेतलाय. तिथून सुरुवात करा. नेटवर्क खाजगी करा, घरात कितीही वर्दळ असली तरी. मग यादीच्या नादी न लागता, माडीवरच्या लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि आर दाबून दोन उलट्या तिरक्या रेघा आणि डेस्कटॉपचा नंबर टाइप करा. दहांतल्या आठ वेळा तो समोर येऊन उभा राहतो, यादीत नाव असो वा नसो. नंबर बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो पक्का करून ठेवा.

आणि डेस्कटॉपच्या खात्याचा पासवर्ड आजच एका वहीत लिहून घ्या. दुकानात नवा पोरगा आलाय, आणि त्याचाही पासपोर्ट निघालाय म्हणतात.